नाव लागलं म्हणजे मालकी आली का?

वाचकांचे प्रश्न : मृत्युपत्र, वारसा आणि घरातली वडीलधारी मंडळी

या वेळच्या पत्रांमध्ये एक गैरसमज पुन्हा पुन्हा दिसला. कुठल्यातरी कागदावर कुणाचं नाव लागलं, की वस्तू त्याची झाली असं घरोघरी धरलं जातं. सोसायटीतला नॉमिनी, बँक खात्यावरचं जोडनाव, सातबाऱ्यावरची वारसनोंद, कुलमुखत्यार या प्रत्येक नावाचं काम वेगळं आहे. त्यातल्या एकानेही, केवळ नाव आहे म्हणून, कुणी मालक होत नाही. पुढची उत्तरं हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या कुटुंबांसाठी आहेत. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचे वारसाचे नियम वेगळे आहेत.

प्रश्न : वडील मागच्या वर्षी गेले. मृत्युपत्र नव्हतं. सिंहगड रस्त्यावरचा फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर होता, नॉमिनी दादा. सेक्रेटरी म्हणतात आता दादाच मालक. आई दादाकडेच राहते, मी लग्नानंतर नाशिकला. दादाने नोटरीकडे तयार केलेला हक्कसोडीचा कागद सहीसाठी पाठवलाय. सही करू का?

उत्तर : या कागदावर सही करू नका. हक्क सोडायचा की नाही हा तुमचा प्रश्न आहे, पण सोडायचा असला तरी त्याचा कागद असा होत नाही.

आधी मालकी कुणाची ते पाहू. मृत्युपत्र नसताना वडिलांची मिळकत पहिल्या वर्गातल्या वारसांकडे जाते. तुमच्या घरी ते तिघं : आई, दादा आणि तुम्ही. प्रत्येकाचा एक तृतीयांश. वडिलांची आई, म्हणजे तुमची आजी, त्या वेळी हयात असेल तर तीही वारस, आणि मग चार हिस्से होतात. आजीचा हिस्सा विसरला जातो आणि दहा वर्षांनी फ्लॅट विकताना खरेदीदाराचा वकील तो शोधून काढतो, तेव्हा आत्याकाकांच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं.

नॉमिनी हा विश्वस्त असतो. सोसायटीने कुणाशी बोलायचं, देखभालीचं बिल कुणाच्या नावे काढायचं, एवढ्यासाठी तो आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-१३ मध्ये २०१९ पासून हे स्पष्ट लिहिलंय : वारस ठरेपर्यंत नॉमिनीला 'तात्पुरता सभासद' करून घ्यायचं. कंपन्यांच्या शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं, की नॉमिनेशनने वारसा बदलत नाही. सेक्रेटरींना हे कलम लेखी दाखवा. बहुतेकदा वाद तिथेच मिटतो, कारण त्यांचा हेतू वाईट नसतो, जुन्या समजुतीवर ते बोलत असतात.

आता तो कागद. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, नोंदवावंच लागतं. नोटरीचा शिक्का असलेल्या कागदाने हक्क जात नाही. पण उद्या भांडण झालं तर 'तेव्हा तर तुम्ही कबूल केलं होतं' म्हणून तोच तुमच्यापुढे धरला जातो. म्हणजे दादाला त्यातून काही मिळत नाही आणि तुम्हाला तो अडचणीचा ठरतो.

आमचं मत विचाराल तर आई हयात असताना मुलांनी आपापला हक्क आईच्या नावे सोडावा, एका भावाच्या नावे नाही. त्यासाठी वडिलांचा मृत्यूचा दाखला, फ्लॅटच्या मूळ करारनाम्याची प्रत आणि त्याची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातून मिळणारा दस्ताचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, सगळ्या वारसांची ओळखपत्रं आणि दोन साक्षीदार लागतात. हक्कसोडपत्रात सगळ्या वारसांची नावं आणि प्रत्येकाचा हिस्सा लिहा. 'कुणाच्या लाभात' हे नाव घालून लिहा. नुसतं 'इतर वारसांच्या लाभात' लिहिलं तर सोडलेला हिस्सा सगळ्यांत वाटला जातो. नोंदणीनंतर इंडेक्स टू काढून सोसायटीत द्या, मग शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव चढतं. वारसाच्या नावे हस्तांतर करताना सोसायटीला प्रीमियम घेता येत नाही. महापालिकेचा मिळकतकर आणि वीजमीटर यांवरचं नाव त्यानंतर बदला. आधी बदलून काही साधत नाही.

वारसांपैकी कुणी परदेशात असेल तर तिकडून केलेलं कुलमुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्या. पाकीट कपाटात पडून राहतं आणि मुदत टळते, हे फार घडतं.

प्रश्न : आई ७९ वर्षांची आहे. तिला मृत्युपत्र करून फ्लॅट माझ्या नावे करायचा आहे, कारण गेली नऊ वर्षं मीच तिच्याजवळ आहे. दोन भाऊ आहेत. फ्लॅट वडिलांनी घेतला होता, ते गेल्यावर २०११ मध्ये सोसायटीने आईच्या नावावर केला. आईचा हात थरथरतो, सही नीट येत नाही. पुढे भावांनी आव्हान दिलं तर?

उत्तर : मृत्युपत्राच्या आधी २०११ कडे जावं लागेल. वडिलांचं मृत्युपत्र होतं का? नसेल, आणि तुम्ही तिघांनी तेव्हा नोंदणीकृत हक्कसोडपत्र केलं नसेल, तर सोसायटीने नाव चढवलं तरी आई पूर्ण फ्लॅटची मालक झालेली नाही. आई आणि तीन मुलं, म्हणजे तिचा हिस्सा एक चतुर्थांश. मृत्युपत्राने ती तेवढाच देऊ शकते. तो आणि तुमचा स्वतःचा एक चतुर्थांश मिळून तुमच्याकडे अर्धा फ्लॅट येईल, उरलेला अर्धा भावांचाच राहील. 'संपूर्ण फ्लॅट माझ्या मुलीस' असं लिहिलेलं मृत्युपत्र कितीही निर्दोष असलं तरी यापुढे जात नाही. भाऊ आज आईच्या नावे हक्क सोडायला तयार असतील तर ते आधी करा. नसतील तर जेवढं आईचं आहे तेवढंच नेमकं लिहा.

आता मृत्युपत्र. कागद साधा चालतो, मुद्रांक शुल्क नाही, भाषा मराठीच ठेवा. आईला समजते त्या भाषेतलं मृत्युपत्र कोर्टात जास्त भक्कम उभं राहतं. कायद्याने लागतात दोन साक्षीदार, आणि दोघांनीही आईला सही करताना पाहिलेलं असणं किंवा ही सही माझीच असं तिच्या तोंडून ऐकलेलं असणं. पुढे वाद झाला तर दोघांपैकी निदान एकाला कोर्टात येऊन सांगावं लागतं. त्यामुळे आईच्या वयाच्या मैत्रिणीला साक्षीदार करू नका. पन्नाशीच्या आतला, पुण्यातच राहणारा माणूस घ्या. एक साक्षीदार आईला नेहमी तपासणारे डॉक्टर असले तर उत्तम. तुम्ही, तुमचे यजमान, तुमची मुलं यांपैकी कुणीही साक्षीदार नको. ज्याला मिळतं त्याच्याच घरातला साक्षीदार असला की कोर्टाला पहिला संशय तिथे येतो.

सहीचं म्हणाल तर थरथरणारी सही ही अडचण नाही. बँकेतल्या वीस वर्षांपूर्वीच्या सहीशी जुळवायचा हट्ट धरून तीनतीनदा गिरवलेली सही ही मात्र मोठी अडचण आहे, कारण ती खोट्या सहीसारखी दिसते. आईला जशी येते तशी एकदाच करू द्या आणि शेजारी डाव्या हाताचा अंगठा घ्या. अंगठ्याभोवती 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' आणि आईचं नाव लिहायची पद्धत आहे, ती पाळा. प्रत्येक पानावर सही आणि अंगठा दोन्ही. शेवटी एक वाक्य टाका की हे मृत्युपत्र मला वाचून दाखवलं, मला समजलं आणि ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

भावांना कमी किंवा काहीच द्यायचं नसेल तर ते गाळून टाकू नका, लिहा. न्यायालयं मृत्युपत्राकडे संशयाने बघतात ती याच जागी : जवळच्या वारसाला वगळलंय आणि कारण कुठेच नाही. दोन ओळी पुरतात. उदाहरणार्थ : 'माझ्या दोन्ही मुलांना त्यांच्या शिक्षणासाठी व घरांसाठी आम्ही वेळोवेळी मदत केली आहे. माझा त्यांच्यावर राग नाही. गेली नऊ वर्षे माझी देखभाल मुलगी करीत आहे, म्हणून माझा हिस्सा मी तिला देत आहे.' आरोप, भांडणांच्या तारखा, सुनांबद्दलची वाक्यं नकोत. ती लिहिली की मसुदा आईचा नाही, मुलीचा आहे असं वाटू लागतं.

डॉक्टरांचं प्रमाणपत्र त्याच दिवसाचं घ्या. 'फिट' एवढा एकच शब्द कामाचा नाही. रुग्ण स्थळकाळाचं भान ठेवून बोलते, आपली मुलं आणि मिळकत कोणती ते सांगू शकते, असा मजकूर हवा.

मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, पण तुमच्या बाबतीत ती कराच. पुण्यात दुय्यम निबंधक कार्यालयांना 'हवेली क्रमांक' असतो, त्यातलं सोयीचं कुठलंही चालतं. नोंदणी फी नाममात्र आहे. आई, दोन्ही साक्षीदार आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रं लागतात. तिथे फोटो आणि अंगठे घेतले जातात. अधिकारी आईला विचारतील, 'आजी, हे काय करताय?' त्या वेळी तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा. आईच्या तोंडचं उत्तर मुलीने पूर्ण केलं, हे साक्षीदाराने कोर्टात सांगितलं तर सगळी मेहनत वाया जाते. आईला जाववत नसेल तर कारण दाखवून अर्ज करता येतो आणि अधिकारी घरी येऊ शकतात.

नोंदवलेलं मृत्युपत्रही आईला केव्हाही बदलता येतं. शेवटचं तेच खरं. जुन्या प्रतीत खाडाखोड किंवा पांढरी शाई मात्र अजिबात नको. तसा बदल पुन्हा सही आणि दोन साक्षीदारांशिवाय धरला जात नाही. बदल छोटा असेल तर पुरवणी मृत्युपत्र, मोठा असेल तर नवं, आणि त्यात 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द' हे वाक्य. बँकेच्या ठेवींपुढे रक्कम लिहू नका, कारण ती बदलत राहते. बँक, शाखा आणि 'माझ्या मृत्यूच्या दिवशी जे असेल ते' असं लिहा. शेवटी 'वर न लिहिलेली उर्वरित मिळकत' कुणाची तेही हवं, नाहीतर राहून गेलेल्या एका पतपेढीच्या पावतीसाठी सगळ्या वारसांना कोर्टाची पायरी चढावी लागते.

मूळ प्रत आईच्या एकटीच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवू नका. ती गेल्यावर लॉकर उघडायला कागद लागतात आणि कागद लॉकरमध्ये, असा पेच होतो. नोंदणी केलेली असेल तर आई हयात असेपर्यंत प्रत फक्त तिलाच मिळते, मृत्यूनंतर दाखला दाखवून कुणालाही मागता येते. पुण्यात केलेल्या आणि पुण्यातल्याच मिळकतीच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र, सक्तीचं नाही. सोसायटीने ते मागितलं तर हे सांगा.

प्रश्न : माझ्या आणि बहिणीच्या नावाची वारसनोंद भोर तालुक्यातल्या वडिलोपार्जित जमिनीला लागली नाही, फक्त भावांची लागली. हक्क गेला का?

उत्तर : नाही. फेरफार (नावबदलाची महसुली नोंद) आणि सातबारा महसुलासाठी असतात, त्यांनी मालकी ठरत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार आहे, आणि वडील हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीआधी गेले असले तरी हा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलंय. अडचण एकच : २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटप किंवा विक्री झाली असेल तर ती मोडत नाही. आधी जुने फेरफार काढून हे तपासा. नोंद चुकीची असेल तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील आणि हिस्सा हवा असेल तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा, हे दोन वेगळे रस्ते आहेत. पहिला जिंकला म्हणजे दुसरा झाला असं नाही.

प्रश्न : २०१९ मध्ये मी आणि सौ.ने राहता फ्लॅट मुलाला बक्षीसपत्राने दिला. वकिलांनी सांगितलं कर वाचेल, खर्च कमी. आता सौ. नाही. मुलगा-सून एकाच घरात राहून बोलत नाहीत, औषधाचे पैसे मागितले की 'वृद्धाश्रम बघा' म्हणतात. माझं वय ८१. घर परत मिळेल का?

उत्तर : मिळू शकतं. आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ मधलं कलम २३ तुमच्यासारख्यांसाठीच आहे. दिलेली मिळकत 'घेणारा सांभाळ करील' या अटीवर दिली असेल आणि तो सांभाळत नसेल, तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकतं.

खरी अडचण 'अट' या शब्दात आहे. तुमच्या बक्षीसपत्रात अशी अट लिहिली आहे का, ते आजच वाचून पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अट असलीच पाहिजे असं म्हटलं होतं. २ जानेवारी २०२५ च्या निकालात मात्र त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचायला सांगितलं, मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द केलं आणि न्यायाधिकरण ताबाही परत देऊ शकतं असं म्हटलं. त्या प्रकरणात मुलाने सांभाळण्याचं वेगळं वचनपत्र लिहून दिलं होतं. म्हणून तुमच्याकडे बक्षीसपत्राबाहेरचं काय आहे ते शोधा : त्या काळातली पत्रं, मुलाचे मेसेज, नातेवाइकांसमोर झालेलं बोलणं आणि ते सांगायला तयार असलेली माणसं.

हे न्यायाधिकरण म्हणजे उपविभागीय अधिकारी, अर्थात प्रांत. अर्ज त्यांच्यापुढे करायचा. कायद्याप्रमाणे इथे वकील लागत नाही, स्वतः बोलता येतं. अर्जात दोन मागण्या वेगळ्या लिहा : कलम २३ खाली बक्षीसपत्र रद्द करून ताबा, आणि दरमहा निर्वाह. निर्वाहाची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे आणि त्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत द्यायचा आहे. भावना कमी आणि तारखा जास्त लिहा : कधी औषधं आणली नाहीत, कधी स्वयंपाकघराला कुलूप होतं. औषधांची बिलं, डॉक्टरांची चिठ्ठी, शेजाऱ्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. निकाल विरुद्ध गेला तर अपील ६० दिवसांत. अर्ज लिहायला सोबत कुणी नसेल तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मोफत हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळतं.

मुलगा दरम्यान फ्लॅट विकेल किंवा गहाण टाकेल अशी शंका असेल तर अर्जासोबतच मनाईची मागणी करा आणि सोसायटीला लेखी कळवून ठेवा, म्हणजे ना हरकत पत्र देताना ते थांबतील.

इतर वाचकांसाठी : जवळच्या नात्यात राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक २०० रुपये लागतो, त्यामुळे ते स्वस्त वाटतं. महापालिका हद्दीत अधिभार वेगळा असतो, तो आधी विचारून घ्या. पण खर्च हे राहतं घर हयातीत देऊन टाकायचं कारण होऊच शकत नाही. मृत्युपत्र उद्या बदलता येतं, बक्षीसपत्र मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. तरीही द्यायचंच असेल तर 'देणार हयात असेपर्यंत त्यांना याच घरात राहण्याचा हक्क राहील, घेणार त्यांचे अन्न, औषधोपचार व देखभाल करील, न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द होण्यास पात्र राहील' हे दस्तातच लिहून घ्या.

प्रश्न : बाबांना स्मृतिभ्रंश आहे, आता मला ओळखतही नाहीत. तीन वर्षांपूर्वी त्यांनी मला नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र दिलं होतं. एफडी मोडून उपचार करायचेत, तर बँक नकार देते. बँकेचं चुकतंय ना?

उत्तर : बँकेचं चुकत नाही, हे सांगताना वाईट वाटतं. कुलमुखत्यार हा देणाऱ्याच्या वतीने वागतो. देणाऱ्याचीच समज गेली की करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे तो अधिकार संपतो. नोंदणी केली, 'कायमस्वरूपी' लिहिलं, तरी फरक पडत नाही. ज्या दिवसासाठी आपण तो कागद करून ठेवतो, नेमका त्याच दिवशी तो निकामी होतो.

बाबांचा अंगठा घेऊन पैसे काढायचा सल्ला कुणी देईल. हात हलत नाही पण समज शाबूत आहे, अशा निवृत्तिवेतनधारकांसाठी बँकांमध्ये अंगठ्याची सोय आहे. त्यात दोन साक्षीदारांपैकी एक बँकेचा अधिकारी असतो. समज नसलेल्या माणसाचा अंगठा घेणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ते गुन्ह्यापर्यंत जातं.

खातं किंवा एफडी 'दोघांपैकी एक किंवा हयात' अशी जोडनावाने असेल तर दुसऱ्या नावाच्या सहीने काय काय होतं ते बँकेला लेखी विचारा. मुदतीपूर्वी मोडायला तशी परवानगी आधी नोंदवलेली लागते. जोडनाव नसेल तर मुंबई उच्च न्यायालयात पालक म्हणून नेमणुकीसाठी रिट याचिका करावी लागते. नॅशनल ट्रस्ट कायद्याखालची जिल्हाधिकाऱ्यांची समिती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता अशांसाठी पालक नेमते, म्हाताऱ्या वयातल्या स्मृतिभ्रंशासाठी नाही. तिकडे महिने घालवू नका. याचिकेला न्यूरॉलॉजिस्टचं प्रमाणपत्र, आई आणि सगळ्या भावंडांची संमतीची प्रतिज्ञापत्रं, बाबांच्या मिळकतीची आणि कर्जांची पूर्ण यादी, महिन्याच्या खर्चाचा हिशेब जोडा. न्यायालय सहसा वैद्यकीय तपासणी करवतं आणि पुढे हिशेब मागतं, म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक बिल ठेवा.

ज्यांच्या घरी निदान नुकतंच झालंय त्यांनी याच महिन्यात जोडनावं, मुदतपूर्व मोडण्याची परवानगी आणि मृत्युपत्र उरकून घ्यावं. सुरुवातीच्या टप्प्यात माणूस बराच काळ पूर्ण भानावर असतो आणि तेव्हा केलेलं मृत्युपत्र कायद्याला मान्य आहे.

प्रश्न : आम्हाला मूलबाळ नाही. यजमान गेले. फ्लॅट माझ्या नोकरीच्या पैशातून घेतला. माझ्यामागे तो माझ्या बहिणीला मिळेल ना?

उत्तर : आपोआप नाही. विवाहित हिंदू स्त्रीला मुलं आणि पती नसतील, तर तिने स्वतः कमावलेली मिळकत आधी पतीच्या वारसांकडे जाते, म्हणजे सासू-सासरे नसतील तर दीर-नणंदा किंवा त्यांची मुलं. तुमचे आईवडीलही त्यांच्यानंतर. आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत तेवढी वडिलांच्या वारसांकडे परत जाते. वर्षानुवर्षं संबंध नसलेल्या पुतण्याला घर जाणं हा अन्याय वाटतो, आणि आम्हालाही वाटतो, पण हिंदू वारसा कायद्याचं कलम १५ असंच आहे. या आठवड्यात मृत्युपत्र करा. बहीण तुमच्याआधी गेली तर कुणाला, तेही त्यातच लिहा.

प्रश्न : बँकेने चार नॉमिनी लावा असं सांगितलं. लावावे का?

उत्तर : १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, टक्केवारीने एकाच वेळी किंवा एकामागून एक असे. लॉकरला फक्त एकामागून एक. टक्केवारीची बेरीज १०० व्हायला हवी. मृत्युपत्रातली वाटणी आणि ही टक्केवारी एकसारखी ठेवा, म्हणजे बँकेतून पैसे घेतल्यावर नॉमिनीला ते दुसऱ्या वारसाला देण्याची वेळ येत नाही.

प्रश्न : मला व्हेंटिलेटरवर लटकत राहायचं नाही. हे मृत्युपत्रात लिहिलं तर चालेल?

उत्तर : मृत्युपत्र उघडतं ते माणूस गेल्यावर, त्यामुळे तिथे उपयोग नाही. त्यासाठी वैद्यकीय इच्छापत्र वेगळं करा, ज्याला लिव्हिंग विल म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते मान्य केलं आणि २४ जानेवारी २०२३ ला पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. आता दंडाधिकाऱ्यांपुढे जावं लागत नाही. बरं होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत ते नाव घेऊन लिहा : कृत्रिम श्वास, डायलिसिस, छाती दाबून हृदय चालू करणं. वेदनाशमन मात्र हवं, असंही लिहा. तुमच्या वतीने बोलणारी एकापेक्षा जास्त माणसं नेमता येतात, आणि त्यात एक जण पुण्यातच राहणारा असावा. रुग्णालयात आधी तिथल्या डॉक्टरांचं आणि मग दुसरं मंडळ मत देतं, प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत. एक प्रत नेमलेल्या माणसाकडे, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि एक महापालिकेच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे द्या, आणि दिल्याची पोच घ्या. घरातल्या फाइलमध्ये मेडिक्लेमच्या कार्डाशेजारीच एक ठेवा, कारण रात्री अॅम्ब्युलन्स आल्यावर हातात येते ती तीच फाइल.